कोंबड्यांच्या खुराड्यातले उंदीर आणि घुशी: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

उंदीर दिसले की बहुतेक जण पहिलं काम काय करतात, तर दुकानातून विषाच्या वड्या आणतात आणि बिळाच्या तोंडाशी ठेवून येतात. चार दिवसांनी वड्या तशाच, उंदीर तसेच, वर एखादी कोंबडी मान टाकून बसलेली. मग दुसऱ्या कंपनीचं विष, मग एक पिंजरा, मग शेजाऱ्यांचं मांजर, मग कोणीतरी सांगितलं म्हणून बिळात मिरचीची धुरी. यातल्या काही गोष्टी चालतात, काही चालत नाहीत, पण खरी गडबड क्रमाची आहे. खुराड्यात रात्रभर मक्याचा भरडा सांडलेला असताना उंदीर तुमची ती कडवट वडी कशाला खाईल? आणि लाकडाची रास आधीच उपसली तर तिथले उंदीर मरत नाहीत, ते तुमच्या माळ्यावर राहायला येतात.

खाली लिहिलंय ते घरामागे १० ते ५० कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी आहे. गावठी असोत, गिरिराज, वनराज, कडकनाथ असोत, फरक नाही. हजारो पक्ष्यांच्या शेडचं गणित वेगळं असतं, ते इथे नाही. मी कोकणातलं डोळ्यापुढे ठेवून लिहितोय, म्हणजे जांभ्याचे चिरे, कौलं, माडाची झाडं आणि पाऊस. घाटावर माड नसतील, बाकी सगळं तसंच लागू आहे.

## सुरू करायच्या आधी काय हाताशी हवं

- रबरी हातमोजे आणि गमबूट. हे पहिले आणा, बाकीचं नंतर आणलं तरी चालेल.
- चांगली बॅटरी
- झाकण घट्ट बसणारा पत्र्याचा डबा किंवा ड्रम, आठवड्याचं खाद्य मावेल एवढा
- वजनकाटा, स्वयंपाकघरातला चालेल
- चूल पेटत असेल तर चाळलेली राख, नसेल तर रांगोळी
- ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट
- चाप किंवा पिंजरे, एक-दोन नाही, निदान सहा ते आठ. गावात पिंजरे एकमेकांना देतातच, मागून आणा.
- अर्धा इंच चौकटीची वेल्ड मेश जाळी. ही लगेच नको, पण माप घेऊन ठेवा.

सावध: उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो, आणि पावसाळ्यात सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आणि मुंबईत त्याचे पेशंट दर वर्षी असतात. अनवाणी पायाने, पायाला भेगा किंवा जखम असताना, ओल्या खुराड्यात काम करायचं नाही. काम केल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांकडे जा आणि "मी उंदरांच्या जागेत काम केलंय" हे आपणहून सांगा, ते विचारायची वाट बघू नका.

## १. पहिल्या रात्रीचं काम: पिलं वाचवायची

बाकी काही उद्या केलं तरी चालेल, पण पिलं खुराड्यात असतील तर ती आज संध्याकाळीच उचलायची. मोठ्या कोंबडीला उंदीर सहसा मारत नाही, झोपेत पायाची बोटं कुरतडेल एवढंच. पण आठ-पंधरा दिवसांचं पिलू घूस सरळ ओढून बिळात नेते, सकाळी मोजताना दोन कमी आणि रक्ताचा थेंबही नाही असं होतं. डालग्याखाली झाकलेली पिलंसुद्धा सुरक्षित नाहीत, बांबूचं डालगं घूस खालून जमीन उकरून उचलते किंवा कुरतडते.

पत्र्याची पेटी किंवा जाड लाकडी खोकं घ्या, वर वेल्ड मेशचा तुकडा बांधा, हवा खेळली पाहिजे, आणि पडवीत उंचावर ठेवा. आई-कोंबडी बरोबर असेल तर खोकं मोठं घ्या. काम संपेपर्यंत पिलं रात्री इथेच.

## २. कोण आहे ते ओळखा, आणि बिळं मोजा

हा टप्पा सगळे सोडून देतात आणि मग सापळा जमिनीवर लावतात जेव्हा उंदीर छपरातून येत असतो.

घूस. बिळाच्या तोंडाशी मोकळ्या मातीचा ढीग. चिऱ्याच्या पायाखालून, गटाराच्या कडेने, खुराड्याच्या जमिनीखालून बिळं काढते. मोठी घूस किलोभर वजनापर्यंत जाते. ती दाणे नुसते खात नाही, बिळात साठवते, म्हणून तुमचं खाद्य इतक्या झपाट्याने संपतं.

घरउंदीर. शेपटी अंगापेक्षा लांब, कान मोठे, चढण्यात पटाईत. कौलांतून, माडावरून, विजेच्या वायरवरून येतो. जमिनीवर बीळ शोधत बसाल तर सापडणार नाही, वाशांवर काळपट तेलकट पट्टा बघा, त्याचं अंग रोज तिथेच घासतं. लेंड्या अर्ध्या इंचाच्या आसपास, दोन्ही टोकांना निमुळत्या.

छोटा उंदीर. लेंड्या तांदळाच्या कणीएवढ्या. खाद्याच्या पोत्यातच घर करतो.

चिचुंद्री. लांब नाक, चिकचिक आवाज, घाण वास. ही उंदीर नाहीच, ती किडे-झुरळं खाते. फार तर अगदी लहान पिलांपासून लांब ठेवा, पण तिच्यामागे लागून वेळ घालवू नका.

आणि अंडी जातात म्हणून उंदरालाच धरायचं नाही. टरफलसुद्धा मागे राहत नसेल तर धामण किंवा दुसरा साप अख्खं अंडं गिळत असेल. घरट्यात बलक चिकटलेला असेल तर कोंबडीच फोडून खातेय. दिवसाढवळ्या जात असतील तर कावळा किंवा मुंगूस. बिळाच्या तोंडाशी टरफलाचे तुकडे सापडले तर मात्र घूस.

आता मोजणी. संध्याकाळी खुराड्याभोवती २०-२५ पावलांच्या आत जेवढी बिळं आहेत ती सगळी ओल्या मातीने किंवा कागदाच्या बोळ्याने हलकी बुजवा. पक्की नाही, हलकीच. सकाळी जी उघडली ती चालू, बाकीची रिकामी. चालू बिळांजवळ काठी रोवा. भिंतीच्या कडेने, दारापाशी, वाशांखाली राखेचे पट्टे टाका, सकाळी पावलं आणि शेपटीची रेघ दिसते, वाट कळते. हे सगळं कागदावर काढून ठेवा, वेडंवाकडं चालेल, पुढे सापळे लावताना हाच नकाशा लागतो.

सावध: बिळात हात घालायचा नाही, काठी घालायची. उंदीर आहेत तिथे त्यांच्यामागे नाग, घोणस, धामण येतातच. अंधारात घरट्यातून अंडी काढताना आधी बॅटरी मारा. साप दिसला तर मारू नका, सर्पमित्राला बोलवा. धामण असेल तर ती तुमचंच काम करतेय, फक्त पिलं-अंडी तिच्यापासून वाचवा. चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको, १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा.

## ३. खाद्य तोडा (इथेच अर्धी लढाई)

खरं सांगायचं तर हा लेख एवढ्या एका टप्प्यासाठी आहे. उंदरांची संख्या त्यांना रोज रात्री किती खायला मिळतं त्यावर ठरते, तुम्ही किती मारता त्यावर नाही. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा-आठ पिलं, ती पिलं दोन-तीन महिन्यांत स्वतः वीत सुटतात. खाणं चालू ठेवून मारत बसलात तर गळक्या पिंपात पाणी भरल्यासारखं आहे.

आधी मापून बघा किती चोरी आहे. बंदिस्त ठेवलेली, फक्त तुमचंच खाद्य खाणारी मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते. म्हणजे दहा कोंबड्यांना एक ते सव्वा किलो. दिवसभर परसात फिरणाऱ्या कोंबड्यांना याच्या निम्मंही पुरतं कधी कधी. तुमचं रोज दोन किलो संपत असेल तर वरचं कोण खातंय ते समजा.

आता नियम:

१) खाद्य दोन वेळा, मापून. सकाळी एकदा आणि दुपारी तीन-चारला एकदा. दुपारचं खाद्य काळोख पडायच्या तासभर आधी संपलं पाहिजे, उरतंय म्हणजे जास्त घालताय, कमी करा.

२) रात्री भांडं बाहेर काढायचं. रिकामं असलं तरी, कारण कडेला चिकटलेला भुसा उंदराला पुरतो. "रात्री कोंबडीला भूक लागेल" हे ऐकू नका, कोंबडीला काळोखात दिसत नाही, ती खात नाही. टांगलेला फीडर म्हणजे उंदरापासून वाचला असंही नाही, तो दोरीवरून उतरतो, खालून दोन-अडीच फूट उडी मारतो.

३) पाणीसुद्धा रात्री उचला, पहाटे दार उघडायच्या आधी परत ठेवा. मार्च ते मे पहाटे उशीर करायचा नाही, कोंबड्यांना उन्हाळ्यात पाण्याचा खंड पडला की अंडी लगेच घटतात.

४) पोतं पत्र्याच्या ड्रममध्ये. गोणीला काही अर्थ नाही, प्लॅस्टिकचा डबा घूस कडेपासून कुरतडते. ड्रम विटांवर ठेवा, सांडलं तर तिथल्या तिथे झाडता येतं.

५) खरकटं. भात, मासळीचे काटे, नारळाचा चव हे परसात टाकून "कोंबड्या खातील" म्हणतो आपण, कोंबड्या अर्धं खातात, उरलेलं रात्रपाळीवाले. दुपारी द्या, संध्याकाळी उरलेलं उचला. कंपोस्टचा खड्डा खुराड्याला लागून असेल तर खरकटं त्यात काही दिवस नको.

६) अंडी दुपारी आणि संध्याकाळी दोनदा गोळा. एकही अंडं रात्री घरट्यात नको.

७) कुत्र्या-मांजराचं ताट. हे हमखास राहतं. पडवीतलं मांजराचं दूध-भात रात्रभर उघडं आणि खुराड्यात कडक बंदोबस्त, मग काय उपयोग.

पायडल दाबला की झाकण उघडतं असे फीडर मिळतात, मोठ्या कोंबड्यांसाठी चांगले आहेत, शिकायला आठवडा लागतो. पण पिलांचं वजन पुरत नाही आणि मोठी घूस कधी कधी ते उघडतेही, म्हणून रात्री उचलण्याचा नियम तरी पाळाच.

तपासा: आठवडाभर हे केल्यावर रोजचं खाद्य वजनात कमी झालं का? झालं नसेल तर कुठेतरी अजून गळतंय, पुढे जाऊ नका, ते शोधा. या दिवसांत उंदीर दिवसासुद्धा दिसायला लागतील, घाबरू नका, भुकेले झालेत म्हणून दिसतायत. हीच सापळ्याची वेळ.

## ४. सापळे: आधी खाऊ घाला, मग लावा

उंदीर नवीन वस्तूला घाबरतो, चार-पाच दिवस तिच्याजवळ फिरकत नाही. म्हणून पहिल्याच रात्री लावलेला चाप रिकामा राहतो, आणि त्यात एखादा नुसता शिवून निसटला तर तो परत त्या चापाकडे बघत नाही.

- पिंजरे आणि चाप राखेत वाट दिसली तिथेच, भिंतीला चिकटून ठेवा. चापाचं आमिषाचं टोक भिंतीकडे. मोकळ्या अंगणात मधोमध ठेवून काही मिळत नाही, उंदीर कडेने चालतो.
- घरउंदीर असेल तर चाप वाशावर, तारेने बांधून. न बांधलेला चाप जखमी उंदीर घेऊन जातो.
- तीन-चार रात्री चाप न लावता नुसतं आमिष ठेवायचं. पिंजऱ्याचं दार तारेने उघडं बांधायचं.
- आमिष: भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा, सुका बोंबील, शेंगदाणा-गूळ ठेचून, कांदाभजी. तिन्ही-चारही ठेवून बघा, जे आधी संपतं ते पुढे वापरा. कोंबडीखाद्य आमिष म्हणून ठेवू नका, ते त्यांना रोजचंच आहे. चापावर आमिष दोऱ्याने बांधा, नाहीतर अलगद काढून नेतात.
- सगळीकडचं आमिष सलग दोन रात्री संपलं की एकाच रात्री सगळे लावायचे. रोज एक-एक लावण्यात उरलेले शहाणे होतात. पहिल्या दोन-तीन रात्रींतच सगळ्यात जास्त मिळतात, म्हणून संख्या हवी.

कोंबड्यांच्या आवारात चाप उघडा ठेवायचा नाही. पालथं खोकं किंवा क्रेट, त्याला तीन इंचांचं भोक, वर दगड, आत चाप. कोंबड्या आत गेल्यावर लावा आणि सकाळी दार उघडायच्या आधी उचला. उचलायला विसरलात तर चोच किंवा पाय अडकलाच म्हणून समजा.

पिंजऱ्यात जिवंत सापडलेली घूस दूर माळावर सोडून येणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्याच्या शेतात सोडून येण्याला उपाय म्हणत नाहीत. मारायची असेल तर झटकन मारा, बादलीत बुडवून ठेवू नका, आणि पिंजऱ्याच्या जाळीतून बोट आत जाणार नाही एवढं बघा, घूस बेक्कार चावते. चिकट कागद तर वापरूच नका, त्यावर पिलं, पाली, चिमण्या चिकटतात आणि तासन्‌तास तडफडतात.

मेलेला उंदीर हातमोज्याने उचलून दोन फूट खोल पुरायचा. उकिरड्यावर फेकला की कुत्रं नाहीतर कोंबडीच उकरते.

मांजराचं विचारणारे बरेच असतात. मांजर छोटे उंदीर कमी ठेवतं हे खरं, मोठ्या घुशीच्या वाटेला ते सहसा जात नाही, आणि पिलं असली की मांजरापासूनच त्यांची राखण करावी लागते. गव्हाणी घुबड आजूबाजूला असेल तर मात्र त्याला हुसकू नका, घरावर बसलं की अपशकुन वगैरे सोडून द्या, ते रात्रीत उंदीरच उचलतं.

कोकणात कातकरी मंडळी शेताच्या बांधावरची बिळं उकरून घुशी काढण्यात तरबेज आहेत. बीळ मोकळ्या जागेत असेल आणि कोणी ओळखीचं असेल तर योग्य मजुरी देऊन त्यांच्याकडून खणून घेणं हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. घराच्या पायाशी मात्र खणू नका.

तपासा: सापळ्यांचा आठवडा झाला की बिळं परत बुजवून मोजा. आधीच्या चालू बिळांपैकी फार थोडी उघडत असतील तर विषाकडे बघायचं कारणच नाही, थेट सहाव्या टप्प्यावर जा.

## ५. विष, लागलंच तर

कोंबड्या आहेत तिथे विष शेवटी. आणि कुठलं, हे सगळ्यात महत्त्वाचं.

झिंक फॉस्फाइड ही काळी पूड, लसणासारखा वास. शेतात वापरतात, पण पक्षी त्याला फार लवकर बळी पडतात आणि त्यावर उतारा नाही. शिवाय उंदराने थोडंच खाल्लं आणि वाचला तर परत आयुष्यात शिवत नाही. परसात नको.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ("बिळात टाका, वास सुटला की मरतात" म्हणून कोणीतरी आणून देतं). या सामान्य माणसाला विकायची परवानगीच नाही, वापर सरकारी यंत्रणा आणि प्रशिक्षित पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरता आहे. ओल लागली की विषारी वायू सुटतो, आणि खुराड्याखालचं बीळ तुमच्या माजघराच्या जमिनीखाली निघतं की नाही हे कोणाला माहीत? अशा वायूने घरात झोपलेली माणसं गेली आहेत. घराजवळ नाहीच.

पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट टोमॅटोला, भाकरीला लावून ठेवतात. माणसाच्या लिव्हरची वाट लागते आणि उतारा नाही. मुलं असलेल्या घरात तर आणूच नका.

थिमेट, म्हणजे फोरेट हे शेतातलं कीटकनाशक, अजून काही जणांच्या मांगरात जुनं पडलेलं असतं आणि भातात कालवून ठेवतात. ३१ डिसेंबर २०२० पासून ते देशात बंद आहे. वापरू नका, ओढ्यात फेकूही नका, कृषी सहायकाला विचारून विल्हेवाट लावा.

राहतं ते ब्रोमॅडिओलोन, ०.००५ टक्क्यांच्या तयार वड्या. उंदीर लगेच मरत नाही, चार दिवस ते आठवडा-दहा दिवस जातात, म्हणून तो विषाला ओळखत नाही आणि परत परत खातो. लोक दुसऱ्या दिवशी मेलेला उंदीर शोधतात, नाही मिळाला की "नकली माल" म्हणून सोडून देतात. थांबा, रोज बघा, संपलं तर भरा, खाणं बंद होईपर्यंत.

कसं ठेवायचं:

- चार इंची पीव्हीसी पाइपचा तीन फुटांचा तुकडा, भिंतीला लागून, दोन्ही टोकं उघडी, वर दगड. वडी बरोबर मधोमध, म्हणजे कोंबडीची मान पोचत नाही.
- वडीला भोक असतं, त्यातून तार ओवून पाइपला बांधा. हे न केल्यास घूस वडी उचलून बिळाकडे निघते आणि वाटेत टाकते, सकाळी तीच वडी कोंबडी टोचते. सगळ्यात जास्त कोंबड्या अशाच मरतात असं माझं मत आहे.
- पाइप कोंबड्यांच्या कुंपणाबाहेर. कुत्रं मोकळं असेल तर पाइप बांधून टाका.
- घरउंदरासाठी वाशावर ठेवणार असाल तर खाली तुकडे पडणार नाहीत असं खोकं करा.
- रोज सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी मेलेले उंदीर शोधून पुरायचे. कोंबडी लहान मेलेला उंदीर खुशाल खाते.

सावध: कोंबडीने वडी किंवा विषाने मेलेला उंदीर खाल्ला अशी शंका आली तर तिची अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत, कापूनही खायची नाही. हे विष शरीरात बराच काळ राहतं आणि अंड्यात उतरतं. पशुवैद्यकाला विचारा, किती दिवस ते त्यांनाच सांगू द्या. मुलाने तोंडात घातलं तर उलटी काढायच्या नादाला न लागता वेष्टन बरोबर घेऊन रुग्णालयात जा. ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के हा उतारा आहे, पण तो डॉक्टरांनीच द्यायचा.

आणि बेकिंग सोडा-गूळ, प्लास्टर ऑफ पॅरिसचे लाडू, कानाला न ऐकू येणारा आवाज काढणारी मशीन, यांच्या भरवशावर राहू नका. मशीनच्या आवाजाला उंदीर सरावतात. डांबरगोळ्या तर खुराड्यात नकोच, कोंबड्यांनाच त्रास.

## ६. आता अडगळ आणि बिळं

हे काम आता, आधी नाही. उंदीर कमी झालेत, म्हणून रास उपसली तरी घरात घुसायला फारसे उरलेले नाहीत.

लाकडं, कौलं, जुने पत्रे, झावळ्यांची भारी, गवताची उडवी, सगळं खुराड्यापासून निदान दहा-बारा फूट लांब. लाकडं ठेवायचीच तर जमिनीपासून फूटभर उंच दगडांवर, खालून आरपार दिसलं पाहिजे. खुराड्याभोवती तीन फुटांचा पट्टा उघडा, गवत कापलेलं. उंदराला उघड्यावर चालायला आवडत नाही.

उपसताना खाली काय असेल सांगता येत नाही, गमबूट, लांब काठी, दिवसा उजेडी, आणि दोघं जण.

खुराड्यातलं भाताचं तूस पूर्ण बाहेर काढा, उंदीर त्यातच घरटं करतात. कोरडं झाडायचं नाही, धूळ नाकात जाते. आधी ब्लीचिंगच्या पाण्याने भिजवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग ओढा. कोंबड्या या वेळी बाहेर, आणि जमीन पूर्ण वाळून वास गेल्यावरच आत. ब्लीचिंगच्या पाण्यात फिनेल किंवा ॲसिड मिसळू नका.

बिळं बुजवणं: आत खडी आणि फुटक्या काचा ठोकून, भांडी घासायच्या स्टीलच्या तारेचा बोळा, वरून सिमेंट. नुसत्या मातीने बुजवलेलं बीळ एका रात्रीत उघडतं. विष चालू असताना बिळं बंद करू नका, आत मेलेले उंदीर कुजतात आणि जिवंत असलेले बाजूने नवीन काढतात.

## ७. खुराडं उंदीरबंद करणं

खर्च इथे करा. विषावर दर वर्षी जातो तो पैसा एकदा जाळीवर घाला.

षटकोनी कोंबडीजाळी कोंबड्या आत ठेवते, उंदीर बाहेर ठेवत नाही. लहान उंदीर तिच्या भोकातून सरळ जातो, घूस तार तोडते. वेल्ड मेशच हवी, अर्धा इंच बाय अर्धा इंच, तार जाड. छोटे उंदीर जास्त असतील तर पाव इंची, कारण पेन जाईल एवढ्या फटीतून ते जातात. जाळी लाकडाला स्टेपलने नाही, पट्टी आणि स्क्रूने.

जमीन. दोन पर्याय. एक, खडी घालून तीन इंच सिमेंटचा कोबा. दोन, कोबा नको असेल तर भिंतीच्या पायाशी फूटभर खणून जाळी खाली उतरवा आणि तळाशी बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी वळवा. घूस भिंतीला चिकटून खणते, खाली जाळी लागली की मागे सरून पुन्हा खणायचं तिला सुचत नाही. जाळी बाहेर वळवायची, आत वळवून काही उपयोग नाही, आणि ही चूक मिस्त्री हटकून करतात, उभं राहून करून घ्या.

लाकडी उचलता खुराडा असेल तर तो दीड-दोन फूट उंच खांबांवर घ्या आणि प्रत्येक खांबाला पालथ्या नरसाळ्यासारखा पत्रा बसवा. खाली सामान ठेवायचं नाही, शिडी रात्री काढायची.

दार. खाली बोट गेलं तर उंदीर जातो. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी, उंबऱ्याला पत्रा.

छप्पर. पत्र्याच्या नागमोडी टोकांतली भोकं सगळे विसरतात. तिथे जाळीचे तुकडे किंवा सिमेंट. कौलारू असेल तर कौलांखाली जाळी.

माड आणि फांद्या. छपरावर टेकणाऱ्या फांद्या तीन-चार फूट मागे छाटा. माडाला जमिनीपासून सहा-साडेसहा फुटांवर सव्वा ते दीड फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळा, उंदराला पकड मिळत नाही. बाजूच्या झाडाची झावळी त्याच माडाला लागत असेल तर पत्रा फुकट.

तपासा: काळोख पडल्यावर खुराड्यात बल्ब लावून दार बंद करा आणि बाहेरून फिरून बघा. जिथून उजेडाची रेघ दिसते ती फट.

## ८. पुढे

राखेचा एक पट्टा कायम ठेवा, आठवड्यातून एकदा बघा. दोन पिंजरे दार बांधून, आमिष घालून जागेवर राहू देत, आमिष गेलं की त्याच रात्री लावायचे. खाद्य महिन्यातून एकदा वजन करून बघा, वाढलेलं दिसलं की उंदीर दिसायच्या आधीच कळतं.

वर्षातून दोनदा जास्त लक्ष. जून-जुलैत मुसळधार पाऊस लागला की शेतातली बिळं पाण्याने भरतात आणि घुशी उंचावरच्या कोरड्या जागेला, म्हणजे तुमच्या खुराड्याला येतात. आणि भातकापणी झाली की, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, शेत रिकामं होतं, धान्य घरी येतं, त्याच्यामागे त्याही. सापळे कापणीच्या आठवड्यातच मांडा.

सगळं करूनही दर महिन्याला नवीन उंदीर येत असतील तर ते बाजूच्या आवारातून येतायत. शेजाऱ्यांकडेही कोंबड्या असतील तर रात्रीचं खाद्य उचलणं आणि सापळे एकाच आठवड्यात दोन्हीकडे करायचं त्यांच्याशी ठरवा, आणि सहा-आठ पिंजरे एकत्र घ्या, दोन घरांत वाटून चालतात.